गळणं वेगळं, फुटणं वेगळं

माझ्या घरावर ज्वालामुखीचा लाव्हा आला तर मला नुकसानभरपाई मिळेल. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, साडेसहाशे चौरस फुटांत राहणाऱ्या माणसाला याहून जास्त निश्चिंती कशाला हवी? फक्त ही निश्चिंती गेली चार वर्षं आमच्या कपाटात, गृहकर्जाच्या फायलीत, आधार कार्डांच्या झेरॉक्सखाली दबून पडली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. कर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेताना मी ज्या सत्तेचाळीस सह्या ठोकल्या, त्यांतली एक घराच्या विम्याची होती. उरलेल्या सेहेचाळीस कशाच्या होत्या ते हळूहळू कळेलच.

शोध लागला जुलैतल्या एका रविवारी. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आमच्या पॅसेजमध्ये पाणी गळायला लागलं. तसं ते गेल्या वर्षीही होतं, पण तेव्हा नुसता डाग होता. यंदा बढती मिळून त्याचा थेंब झाला. मी वर जाऊन आलो. वरचे गृहस्थ दारातच म्हणाले, "आमच्याकडे तर एकदम कोरडं आहे हो!" यात खोटं काहीच नव्हतं. पाणी आमच्याकडे उतरल्यावर त्यांच्याकडे कोरडंच असणार.

खाली आलो तर बायको थेंबाखाली बादली सरकवत होती. म्हणाली, "अहो, आपल्या घराचा विमा काढलाय ना? मग भांडताय कशाला?"

मग फाइल निघाली. पॉलिसीचं नाव 'भारत गृह रक्षा'. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना घरासाठी ही एकाच साच्यातली पॉलिसी विकायला लावली. कंपनी कुठलीही असो, मजकूर तोच. म्हणजे मी त्या रविवारी जे वाचलं ते राज्यातल्या हजारो कपाटांत न वाचलेलं पडलं असणार, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात आगीपासून होते. मग स्फोट, वीज कोसळणं, भूकंप. इथपर्यंत माणूस मान डोलावत जातो. भूकंपाला लागूनच ज्वालामुखी येतो. पुढे वादळ, पूर, त्सुनामी, दरड, वणवा. वणव्यात जंगलाचा वेगळा आणि झुडपांचा वेगळा, हयगय नाही. मग दंगल, संप, दहशतवाद. घरावर विमान पडलं तर तेही. आणि या सगळ्याच्या मध्ये, अगदी सहज बोलल्यासारखं, एक कलम: क्षेपणास्त्राची चाचणी.

मी ते दोनदा वाचलं. ओडिशातल्या चांदीपूरहून सोडलेलं क्षेपणास्त्र वाट चुकून आमच्या पॅसेजमध्ये पडलं, तर कंपनी पैसे देणार. मात्र ते चाचणीचं हवं. शत्रूनं मनापासून सोडलेलं असेल तर ते युद्ध, आणि युद्धाला भरपाई नाही. म्हणजे क्षेपणास्त्र घरात शिरल्यावर आधी त्याला पाणी विचारायचं, मग हेतू विचारायचा. मार्च २०२२मध्ये आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून थेट पाकिस्तानात जाऊन पडलं होतं. ते ना चाचणीचं, ना युद्धाचं. असलं काही डोंबिवलीत पडलं तर कुठल्या रकान्यात भरायचं, हे विचारायला कुठे जायचं? आणखी एक. विमान घरावर आदळलं तर भरपाई आहे, पण आवाजापेक्षा वेगानं गेलेल्या विमानाच्या हादऱ्यानं काच फुटली तर नाही. थोडक्यात, वैमानिकानं एकतर पूर्ण यावं, नाहीतर येऊच नये.

ज्वालामुखीला मात्र मी हसणार नाही. ज्या दगडावर आपला बहुतेक महाराष्ट्र बसला आहे, तो सह्याद्रीपासून लेण्यांपर्यंतचा काळा कातळ सगळा लाव्हाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. घटना घडल्याचं कंपनीला ताबडतोब कळवायचं असतं, त्यामुळे तो दावा आता बाद. पण आपल्याकडे हे यापूर्वी घडलेलं आहे, एवढं तरी कलम लिहिणाऱ्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

यादीत चोरीही आहे. ती वाचून बायकोचा चेहरा उजळला, पण मी पुढची ओळ वाचली. वरच्यापैकी एखादं संकट आलं आणि त्यामुळे, त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच भरपाई. म्हणजे चोरानं भूकंपाची वाट बघायची. भूकंप झाला की कॅलेंडरवर खूण करायची आणि आठवड्याच्या आत येऊन जायचं. आठव्या दिवशी आला तर ती त्याची आणि आपली खासगी बाब. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यातही साधारणपणे कुलूप-कडी तोडून, जबरदस्तीनं घुसल्याची खूण दाखवावी लागते. उघड्या दारातून 'येऊ का' म्हणत आलेला चोर चालत नाही. दुपारी दार लोटून ठेवायची आमच्या चाळीपासूनची सवय आईनं मोडावी म्हणून मी वीस वर्षं भांडतोय. ते कलम वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मग चोराला सांगायचं, बाबा रे, जाताना कडी तोडून जा."

सगळं वाचून झालं तरी आमच्या थेंबाचा पत्ता लागेना. शेवटी पॉलिसीवर नाव असलेल्या एजंटला फोन केला. चार वर्षांत आमचा हा पहिलाच संवाद, त्यामुळे त्याला खूप आनंद झाला. मी म्हटलं, "यादीत बाराव्या नंबरला लिहिलंय, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान. आमच्याकडे वरून पाणी येतंय."

"फुटलंय की गळतंय?"

"गळतंय."

"मग नाही बसत साहेब. गळणं वेगळं, फुटणं वेगळं. अचानक झालं पाहिजे. हळूहळू होतं ती झीज."

मला वाटतं, विम्याचं सगळं शास्त्र या तरुणानं एका वाक्यात सांगितलं. मोठ्या पुस्तकांत एवढं नेमकं नसेल. आपल्या घरातलं सगळं हळूहळू होतं. भिंत हळूहळू फुगते, बिजागरी हळूहळू गंजते, वाळवी दाराची चौकट तीन पावसाळे निवांत जेवते. आणि विम्याला हवं असतं धाडकन. तो जगतो चित्रपटात, आपण राहतो मालिकेत.

एजंटचा उत्साह मात्र ओसरला नव्हता. तो म्हणाला, "रक्कम बघून घ्या साहेब एकदा. इमारतीची साडेएकोणीस लाख."

मी ताडकन उठून बसलो. आमच्या फ्लॅटचा भाव आज पासष्ट लाख चाललाय. गच्चीवर शेजाऱ्यांशी बोलताना मी बहात्तर सांगतो. आणि साडेएकोणीस?

त्यानं हिशेब सांगितला. घराची विम्याची रक्कम म्हणजे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा खर्च. साडेसहाशे चौरस फूट, फुटाला तीन हजार, झाले साडेएकोणीस लाख. घर जळलं तर पुन्हा बांधायला लागेल एवढेच पैसे. मी म्हटलं, "आणि उरलेले साडेपंचेचाळीस?" तो म्हणाला, "ती जागा, साहेब. जमीन जळत नाही." इतकी वर्षं मी ज्याचे हप्ते भरतोय त्यातला दोन तृतीयांशहून जास्त भाग आगीत टाकला तरी जळणार नाही, हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही. स्टेशन दहा मिनिटांवर, समोर शाळा, पाणी चोवीस तास, हे जे बिल्डरनं आपल्याला विकलं, त्यातलं काहीच विम्याच्या दृष्टीनं अस्तित्वात नाही. त्याच्या दृष्टीनं आपण विटा विकत घेतल्या. बाकी सगळं वातावरण.

पण बोलायला जागाही नाही. या सगळ्याचा हप्ता वर्षाला पाडून हजार-बाराशेच्या घरात. एवढ्यात चौघांची एक हॉटेलवारी होत नाही. शिवाय पॉलिसी अनेक वर्षांची असेल तर विम्याची रक्कम दरवर्षी आपोआप दहा टक्क्यांनी वाढते. माझ्या ऑफिसात अशी पॉलिसी असती तर मी राजीनाम्याचा विचार कधीच केला नसता.

इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातलं सामान न विचारता धरलेलं असतं. आमचं झालं तीन लाख नव्वद हजार. बायको म्हणाली, "आपल्याकडे कुठे एवढं सामान आहे?" आणि मोजायला बसली. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, लग्नातला मिक्सर. संध्याकाळपर्यंत यादी स्वयंपाकघरातून बाहेर पडली नव्हती. सामानाची भरपाई नवं घ्यायला लागेल त्या किमतीनं, म्हणून जुन्या वस्तूंचे नवे भाव काढायचे होते. इथे मला आपल्या समाजाची दूरदृष्टी कळली. आपल्याकडे स्टीलच्या प्रत्येक डब्यावर, पातेल्यावर, ताटावर नाव कोरलेलं असतं: कोणी दिलं, कोणाला दिलं, कशाबद्दल दिलं आणि तारीख. मालमत्तेची इतकी चोख नोंद दुसरं कोण ठेवतं? घर पार जळालं तरी सर्व्हेअरला राखेत एक वाटी सापडेल, आणि तिच्यावर मामांकडून मुंजीबद्दल हे स्पष्ट वाचता येईल.

घोडं अडलं सोन्यापाशी. दागिने आपोआप धरत नाहीत. त्यांची वेगळी यादी द्यायची, किंमत आधी ठरवून घ्यायची. मी कागद-पेन घेऊन आईसमोर बसलो. विम्याचा पाया म्हणजे संपूर्ण सद्भाव, काहीएक लपवायचं नाही, हे तिला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कागद कोण कोण वाचणार?" मी म्हटलं, कंपनी, एजंट, मी. "आणि ही?" म्हणत तिनं स्वयंपाकघराकडे नजर टाकली. म्हटलं, हिलाही कळणारच. आई म्हणाली, "माझ्याकडे काही नाही हो. एक मंगळसूत्र आणि या दोन बांगड्या." बरोबर दोन मिनिटांनी बायकोनंही स्वयंपाकघरातून सांगितलं की तिच्याकडेही विशेष काही नाही. आमच्या घरातलं सोनं असं एका दुपारी नाहीसं झालं, आणि ही चोरी कुठल्याच कलमात बसत नाही.

इथवर घर झालं. गाडीचं दुखणं जास्त आहे, कारण गाडी बाहेर जाते.

गाडीच्या विम्यात दोन भाग असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. पहिला थर्ड पार्टी. पहिली पार्टी मी, दुसरी कंपनी, आणि तिसरी म्हणजे जो कोणी माझ्या गाडीसमोर येईल तो. महाराष्ट्रात रोज एक पक्ष फुटत असताना तिसरा पक्ष नेमका कोणता हे सांगणं कठीण, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६नं तो पक्का केलाय आणि त्याचा विमा सक्तीचा केलाय. हप्ताही सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून २०२२पासून १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६, त्यावर ७,८९७, वर १८ टक्के जीएसटी. माझी गाडी १,१९७ सीसीची, म्हणून ३,४१६. एक सीसीच्या फरकानं वरच्या गटात गेलेल्या माणसाचं दुःख मी समजू शकतो.

या भागाबद्दल मी विनोद करणार नाही. आपल्या गाडीखाली येऊन कुणी सायकलवाला गेला, तर त्याचं वय, कमाई, मागे कोण आहे हे पाहून न्यायाधिकरण रक्कम ठरवतं आणि तिला वरची मर्यादा नाही. विमा असेल तर कंपनी देते, नसेल तर आपण, घर विकून. आणि विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा पकडलं तर दंड दोन हजार, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद कुणी मनावर घेत नाही. माझ्या गाडीचा हप्ता साडेतीन हजार आणि दंड दोन हजार, हे गणित ज्यानं मांडलं तो बहुधा आमच्याच सोसायटीत राहतो, कारण इथे तीन जण ते रोज सोडवतात.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे आणि सगळी नाटकं इथेच. आधी गाडीची किंमत ठरते. नवी गाडी शोरूममधून निघाल्यावर सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घट, मग पंधरा, वीस, तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी निम्मी. त्यापुढे तुम्ही आणि कंपनी बसून ठरवायचं, म्हणजे कंपनी ठरवते आणि तुम्ही बसता. मग गाडीची नोंदणी कुठली ते बघतात. जुन्या दरपत्रकात मोटारींसाठी देशाचे दोन भाग केलेत. अ भागात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. ब भागात उरलेला भारत. आमची गाडी एमएच ०५, म्हणजे कल्याण, म्हणजे उरलेला भारत, म्हणून दर जरा कमी. माझा मेहुणा पुण्याचा. त्याला हे सांगितलं तेव्हा आपण जास्त हप्ता भरतो याचं त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "साहजिक आहे दाजी. पुणं अ-मध्येच असणार."

त्या पॉलिसीला मग पुरवण्या जोडतात. मंगल कार्यालयासारखं असतं हे. हॉल घेतला म्हणजे खुर्च्या आल्या असं नाही, खुर्च्या घेतल्या म्हणजे त्यांवरच्या गाद्या आल्या असं नाही. साध्या पॉलिसीत बोनेट नवं मिळेल, पण ते बसवायचे नट-बोल्ट, इंजिन ऑइल, कूलंट हे तुमचं. त्यासाठी कन्झ्युमेबल्स नावाची वेगळी पुरवणी. बोनेट मांडीवर घेऊन कोण फिरतं, हे कळलं तर बरं होईल. प्लास्टिक आणि रबराच्या भागांची, टायरची, बॅटरीची भरपाई मिळते निम्मी. धातूची गाडीच्या वयाप्रमाणे कापून. काच मात्र पूर्ण. अपघात होतोय असं वाटलं तर शक्यतो काच पुढे करावी.

मेहुण्यानं अशीच एक पुरवणी नको म्हटली होती, इंजिन प्रोटेक्ट. काही शे रुपये वाचवले. २०२४च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा त्याची गाडी पार्किंगमध्ये बोनेटपर्यंत बुडाली. इथवर काही बिघडलं नव्हतं. पूर पॉलिसीत बसतो. पाणी ओसरल्यावर तो खाली उतरला, गाडीवरून प्रेमानं हात फिरवला आणि चालू होतेय का बघू म्हणून किल्ली फिरवली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की आतला रॉड वाकतो. कंपनीनं गाद्या धुवायचे, वायरिंगचे पैसे दिले. इंजिनाचे नाहीत. पूर निसर्गानं आणला, किल्ली तुम्ही फिरवली, म्हणाले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकर हे शिकलाय. बुडालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही, टो करून न्यायची. पुणेकराला मुंबईचं काही सांगितलेलं आवडत नाही, हा यातला खरा अपवाद, पण तो पॉलिसीत छापलेला नाही.

आता नो क्लेम बोनस. हे मला विम्यातलं सर्वात मराठी कलम वाटतं, कारण हे व्रत आहे. एक वर्ष काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट. दोन वर्षांनी २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षं निष्ठेनं पाळलं तर ५०. मध्ये एकदाही क्लेम केला की व्रत मोडलं, पुन्हा शून्यापासून. हे पुण्य गाडीचं नसतं, मालकाचं असतं. गाडी विकली तरी ते आपल्याबरोबर नव्या गाडीत येतं. नूतनीकरण नव्वद दिवसांपेक्षा जास्त रखडलं तर मात्र जातं.

माझे पन्नास टक्के आहेत. पाच वर्षं मी ते सोवळ्यासारखं सांभाळलंय. गेल्या वर्षी कुणीतरी बाजारात मागून ठोकून गेलं आणि मागचा बंपर फाटला. माझी गाडी उभी होती. तसं मी पाहिलंय, क्लेमच्या फॉर्मवर सगळ्यांच्याच गाड्या उभ्या असतात. राज्यात ज्या काही धडका होतात त्या उभ्या गाड्यांच्या उभ्या गाड्यांशी होतात. तर मी क्लेम करायला निघालो होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे निवृत्त गणिताचे सर भेटले. त्यांनी मला थांबवलं, शर्टाच्या खिशातून बसचं जुनं तिकीट काढलं आणि त्याच्या मागे लिहायला सुरुवात केली.

"बंपर चार हजार. प्लास्टिक, म्हणून निम्मे, दोन हजार मिळाले. रंगकाम दोन हजार. त्यात पाव भाग रंग धरतात, त्यावर निम्मी कपात, म्हणजे अडीचशे गेले, राहिले साडेसतराशे. बसवायचे चारशे पूर्ण. बेरीज चार हजार दीडशे. त्यातले पहिले हजार रुपये सक्तीनं तुमचे. हातात आले तीन हजार दीडशे. कळलं?"

मी हो म्हटलं. सरांनी तिकीट उलटवलं.

"आता तुमच्या नुकसानीचा हप्ता, सवलतीशिवाय, सहा हजार. आज तुम्ही भरता तीन. क्लेम केला की पुढच्या वर्षी भराल सहा. मग ४,८००, मग ४,५००, मग ३,९००, मग ३,३००, तेव्हा कुठे परत तीन. जास्तीचे किती गेले? तीन हजार, अठराशे, पंधराशे, नऊशे, तीनशे. साडेसात हजार. तीन हजार दीडशे मिळवायला साडेसात हजार घालवणाऱ्या विद्यार्थ्याला मी किती मार्क देईन?"

मी ते तिकीट अजून पाकिटात ठेवलंय. बंपर काळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलाय. तेव्हापासून मी गाडी अशी चालवतो की तिला काही होऊ नये, कारण तिला काही झालं तर विम्याला लागेल. विमा मला सांभाळेल म्हणून घेतला होता. आता चिंचोळ्या गल्लीत शिरताना मी आरसे मिटतो, श्वास रोखतो आणि त्याला जपत बाहेर काढतो.

या पार्श्वभूमीवर परवाची गोष्ट.

सकाळी नऊच्या सुमाराला पार्किंगमधून धप्प असा आवाज आला. वरचे गृहस्थ, ज्यांच्याकडे एकदम कोरडं आहे ते, रिव्हर्स घेताना माझ्या गाडीच्या दारावर आले होते. गाडी उभी होती, या वेळी खरोखर. मी खाली पोचलो तेव्हा ते दाराकडे बघत होते आणि त्यांच्या गाडीचा मागचा दिवा जमिनीवर होता.

"तुम्ही क्लेम टाका ना," ते म्हणाले. "विमा आहेच की तुमचा."

"तुमचाही आहे. तुम्ही टाका."

ते जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझे पन्नास टक्के आहेत हो."

"माझेही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेत जो आदर होता तो दोन वर्षं गळतीवरून झालेल्या भांडणात कधी नव्हता. चातुर्मास पाळणारी दोन माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसल्यावर बघतात तशी. सर तिथेच पेपर वाचत उभे होते. त्यांनी पेपर खाली केला, "दाराचं साडेपाच हजार होईल," म्हणाले, आणि पेपर परत वर केला.

तडजोड दहा मिनिटांत झाली. मी दाराबद्दल बोलायचं नाही. त्यांनी त्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं. दोन्ही पॉलिस्यांना धक्का लागणार नाही. कागद नाही, सर्व्हेअर नाही, अठरा टक्के नाहीत.

आज सकाळी गवंडी आला. आम्ही खाली नाश्त्याला बसलो होतो आणि वर छिन्नीचे ठोके सुरू होते. आई म्हणाली, हळू मारायला सांगा. मी म्हटलं, मारू दे, दोन वर्षांनी योग आलाय. तेवढ्यात एक ठोका जरा वेगळा वाजला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पॅसेजच्या छतातून, जिथे डाग होता, मग थेंब होता, तिथून धो धो धार लागली. बादली पहिल्याच झटक्यात भरून वाहिली. पाणी हॉलकडे निघालं. बायको टीव्हीची वायर ओढायला धावली, आई पाय वर घेऊन खुर्चीत बसली, आणि मी कपाटाकडे पळालो. फाइल, झेरॉक्स, पॉलिसी, यादी. दहा, अकरा, बारा. बोट बाराव्या नंबरवर ठेवलं. तेराव्याखाली दुरुस्तीच्या कामामुळे झालं असेल तर नाही असलं काहीतरी होतं, पण ते आगीच्या फवाऱ्यांसाठी, पाइपसाठी नाही. निदान ओल्या चष्म्यातून तरी तसंच दिसत होतं.

वरच्या मजल्यावरून, तुटलेल्या फरशीच्या भोकातून, त्या गृहस्थांचा घाबरलेला आवाज आला, "अहो, तुमच्याकडे पाणी गळतंय का?"

"गळत नाहीये!" मी दोन्ही हातांनी पॉलिसी डोक्यावर धरून ओरडलो. "फुटलंय! काका, फुटलंय म्हणा!"